ऊन यायच्या आधी

—नाही, देवीच्या कौलावर तोंड उघडायचं नाही, दादा. मी नीट बोलायला लागायच्या आधी घरात हे शिकवलंय मला. देवीनं दिला म्हणजे दिला, का म्हणून विचारलं की जीभ झडते. चहा घ्या तुम्ही. अन् ते झाडं कापायचं मशीन खाली ठेवा, मांडीवर घ्यायला लेकरू आहे का ते? ऊन येईपर्यंत थांबा म्हणालेत ना तुम्हाला? तिकडे पारावर सुपारी कातरत बसलेत ते धनाजीतात्या अन् कोंडिबाआप्पा, वाडीचं सगळं तेच ठरवतात. अन् खाली मान घालून बसलेत ते माझे वडील. इथले गुरव.

शिवऱ्याला तुमच्याकडे कौल लावत नसतील. असं बघा—ती शेंदराची शिळा, ती आमची काळकाई. तिच्या दोन्ही खांद्यांवर तगरीची एकेक ओली कळी चिकटवायची, गाऱ्हाणं घालायचं अन् वाट बघायची. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. कळ्या आणायच्या गुरवाच्या घरातल्या कुमारिकेनं, म्हणजे मी. भोरला जाऊन बी.एस्सी. केलं, पण इथं कळ्यांपुरतीच. लावायच्या वडिलांनी. अन् अर्थ सांगायचा तात्यांनी, कारण त्यांचा आवाज मोठा.

देवीच्या या राईतली वाळकी काटकीसुद्धा चुलीला न्यायची नाही, हाही नियमच होता बरं का. सोजराकाकूच्या शेळीनं पाला खाल्ला तर काकूनं देवीपुढं नाक घासलं होतं. अन् आता देवीला स्लॅबचं देऊळ पाहिजे, गुळगुळीत फरशी पाहिजे, म्हणून अख्खी राई तुमच्या लाकूडवाल्या मालकाला विकायची. पलीकडच्या वाडीनं हेच केलं. राई गेली, मागोमाग झरा गेला, आता टँकरच्या पाण्यानं देवीची आंघोळ—अन् दुपारी त्या फरशीवर माणसं अशी नाचतात, वाटावं अंगात आलंय. भक्ती कसली, तळपाय भाजतात. हसा, मीही हसले होते. पण तिथं झरा गेला, इथं डोंगर अंगावर येईल. राईच्या वर ती काळी रेघ दिसते? पायवाट नाही ती, भेग आहे. पूर्वी महिनाभर रिपरिपणारा पाऊस आता एका रात्रीत कोसळतो, मग नुसतं ऊन, भाताच्या रोपांचे तरवे करपतात. पावसाळ्यात आमची वाडी शाळेत झोपते. ही झाडं मुळांनी माती धरून बसलीत म्हणून सकाळी घर जागेवर सापडतं.

काय म्हणालात? देवीच हो म्हणाली तर मी कोण? बरोबर. तेच तर सांगते. शिळेच्या उजव्या अंगाला ते जळकं खोड बघा. तिथं ऐनाचं झाड होतं, दोघांच्या कवेत न मावणारं. मागच्या उन्हाळ्यात आप्पांनी डोंगराचं गवत पेटवलं. दरसाल पेटवतात—'जाळल्याबिगर गवत जोमानं येत न्हाई, पोरी, तुला काय ठावं.' आम्ही पोरापोरींनी म्हटलं, निदान राईभोवती गवत कापून पट्टा मोकळा करू, आग तिथंच थांबेल. तर हसले. वारं फिरलं, वणवा आत शिरला, ऐन गेला. आता सकाळचं ऊन थेट उजव्या खांद्यावर, डाव्यावर अजून सावली. ओली कळी आधी कुठं सुटणार? शाळेतलं पोरगंही सांगेल. ऐन गेल्यापासून देवी कशालाच नाही म्हणालेली नाही. राई तोडायला उजवी. माझ्या स्थळाला उजवी—हो, तुमच्याच शिवऱ्याचं, राहू दे ते. मी एकदा एकटीनं लावून बघितला. राई तोडू का? उजवी. राई राखू का? उजवी. मग म्हटलं, आई, वाडी गाडली गेली तर चालेल का? उजवी. भर उन्हात थंडी वाजली मला, दादा.

अन् वडिलांना हे—नाही, काही नाही. चहा निवला तुमचा. पूर्वी कौल पहाटे लागायचा. झुंजूमुंजू असताना, सगळीकडे सारखा गारवा. आता ते म्हणतात, थांबू, ऊन येऊ दे. कळ्या ओल्या फडक्यात घेऊन बसून राहतात. मला सांगतात, गुडघे धरतात गं पहाटे. तात्यांचा शब्द मोडवत नाही असं नाही सांगत, गुडघे सांगतात—

ऐकलंत तुम्ही, बाबा? तुम्हाला ऐकू जावं म्हणून नव्हते बोलत. आता ऐकलंत तर ऐका. नाही तात्या, डोळे वटारू नका, 'प्रगते, गप' लई झालं. पहिला घाव कडेच्या झाडाला घालू का, ते विचारायला कळ्या पाहिजेत ना? आज अजून दिल्या नाहीत मी, ह्या माझ्या मुठीत आहेत. देणार नाही. आज नाही, उद्या नाही, लग्न लावून शिवऱ्याला धाडलंत तरी नाही. गुरवाच्या घरात दुसरी कुमारिका असेल तर शोधा. जीभ झडायची तर झडू दे. मला एवढंच सांगा—पहाटे का नाही? आप्पा, तुम्ही सांगा. तात्या, तुमचा आवाज मोठा ना? बाबा, तुम्ही तरी वर बघा.

कातरा, आप्पा, सुपारीच कातरत बसा.

ते बघा, आलं ऊन देवीच्या उजव्या खांद्यावर, अन् तिथं कळी नाही.

दादा, निघा तुम्ही. टेम्पो वळवायला खाली बांधापाशी जागा आहे. कप राहू द्या तिथंच.