माहेरचं रक्त

लीलावती: नंबर तुम्हीच फिरवा. आनंद तुम्हाला झालाय.

श्रीरंग: मला कसला आनंद?

लीलावती: दवाखान्यातून निघाल्यापासून शीळ घालताय! मलेरियाच्या गोळ्यांनी निरंजन हळदीसारखा पिवळा झाला, आणि बाप अलीगंजभर शीळ घालत फिरतोय.

श्रीरंग: पोरगा वाचला म्हणून. आणि थोडी... डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या? त्याचा एक जीन बिघडलेला आहे, म्हणून त्या गोळ्यांनी रक्तातल्या पेशी फुटल्या. मुलाला तो आईकडूनच येतो. बापाकडून येऊच शकत नाही, लीला!

लीलावती: दहादा ऐकलं.

श्रीरंग: त्याचा आळस माझ्याकडचा, गणितातले भोपळे माझ्याकडचे, नाक तर माझंच. तो जन्मल्यापासून ऐकतोय. एकदा तरी शीळ घालू दे.

बूथवाला: आंटीजी, एसटीडी करनी है कि नहीं? बाहर लाइन लगी है.

लीलावती: करते हैं, भैया. अहो, प्रतिमाला सांगू काय? साताऱ्यात आमच्या घराण्याचं नाव आहे.

श्रीरंग: बहिणीला एवढंच सांग, तिच्या विश्वजितला फौजेनं आसामला धाडलंय, तिथं त्याच गोळ्या देतील. आधी रक्त तपासा म्हणावं.

लीलावती: का, म्हणून विचारेल ना ती!

श्रीरंग: सांग, तुझ्या सासरचा, म्हणजे आमच्याकडचा दोष आहे.

लीलावती: तुमच्या घराण्याचा दोष माझ्या भाच्यात कुठून जाईल?

श्रीरंग: हां... तेही खरं. मग सांग, आमच्या ह्यांचं डोकं फिरलंय. दिसेल त्याचं रक्त तपासायला सांगत सुटलेत.

लीलावती: ते पटेल तिला. तुमच्याबद्दल काहीही पटतं.

श्रीरंग: मग लाव.

लीलावती: आयुष्यात एकदा जिंकलात, आणि स्वतःलाच वेडं ठरवताय?

श्रीरंग: पोराच्या जिवाचा प्रश्न आहे, लीला. मला काय, सवय आहे.

(लीलावती नंबर फिरवते.)

लीलावती: हॅलो, प्रतिमा? मी लीला, लखनौहून. ...निरंजन बरा आहे आता. ऐक, मीटर पळतंय. विश्वजितचं रक्त तपासून घे, मलेरियाच्या गोळ्या घ्यायच्या आधी. आजच कळव त्याला. ...अगं, आपल्याच रक्तात आहे ते. आपल्या आईकडून आलं असेल. ...नाही, ह्यांच्याकडचं काही नाही. नाक तेवढं ह्यांच्याकडचं. ...हो गं, चांगलंच आहे नाक.