आण इकडे, मी दाखवते

...आणि वर म्हणे मोबाइल टोपलीत टाका! अहो, आम्ही काय शाळेतली पोरं आहोत? सव्वीस वर्षं शिकवतेय मी, सव्वीस! नर्सिंगच्या, बाळंतपण करायला शिकणाऱ्या मुलींच्या किती बॅचेस माझ्या हाताखालून गेल्या मलाच आठवत नाही, आणि मला पाच दिवस शिकायला पाठवलं. काय शिकायला? तर शिकवायला!

मी जाणारच नव्हते, तुम्हाला सांगते. पण आमच्या प्राचार्यबाई, त्या नेहमी वाईट बातमी असली की आधी चष्मा पुसतात, त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "मॅडम, नवीन नियम आहे हो. प्रमाणपत्र असेल त्यांच्याकडेच स्किल लॅब राहणार." झालं! अहो, ती लॅब म्हणजे माझा जीव आहे! सुया टोचायचे रबरी हात, बाळंतपण शिकवायची प्लास्टिकची कंबर, सहा बाहुल्या-बाळं... प्रत्येक बाळाला ठेवायला कापडी पिशवी मी शिवलीय, घरच्या मशीनवर. अठरा वर्षं लॅबची किल्ली माझ्या पर्सच्या आतल्या कप्प्यात आहे. ती काय परवा लागलेल्या बाईंच्या हातात देऊ? ज्या बाळाला पायाला धरून उचलतात? मग गेले नाक मुठीत धरून.

तर शिकवायला कोण? एक तिशीतला मुलगा! शिक्षणशास्त्राचा. आयुष्यात एक बेडपॅन उचललेलं नाही, मी विचारून घेतलं. आणि हा गृहस्थ काही सांगायचाच नाही हो! फक्त विचारायचा. आपण म्हणावं, "सर, हा तक्ता भरायचा कसा?" की हा मान तिरकी करणार, हसणार आणि मऊ आवाजात, "तुम्हाला काय वाटतं?" अरे, मला वाटत असतं तर तुला कशाला विचारलं असतं! चहाच्या सुट्टीत एकीने विचारलं, "सर, बाथरूम कुठेय?" तर आम्ही बाकीच्या सगळ्या एका सुरात, "तुम्हाला काय वाटतं?" तेव्हापासून त्याचं नावच पडलं, काय-वाटतं सर.

तिसऱ्या दिवशी म्हणे प्रत्येकीने दहा मिनिटं शिकवून दाखवा, आम्ही चित्रण करणार. मी म्हटलं, करा! खुशाल करा! मी विषय घेतला माझ्या हातखंड्याचा. म्हणजे बघा, बाळ जन्मलं आणि रडलंच नाही, श्वासच घेईना, तर त्याच्या नाकातोंडावर छोटा मास्क बसवायचा आणि त्याला जोडलेली रबरी पिशवी दाबून हवा द्यायची. पहिल्या मिनिटातच. यात चूक झाली तर पुढे बोलायला काही उरत नाही, म्हणून मी या बाबतीत फार कडक. माझी विद्यार्थिनी झाली होती दुसऱ्या कॉलेजची एक शांत बाई. मी असं काही शिकवलं, असं काही शिकवलं, की संपल्यावर मलाच टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

मग त्याने ते भिंतीवर लावलं... आणि हातातलं घड्याळ दाखवून म्हणाला, "मॅडम, दहा मिनिटांत विद्यार्थिनीच्या हातात पिशवी अकरा सेकंद होती."

अकरा! मी म्हटलं शक्यच नाही, पुन्हा लावा. लावलं. तर भिंतीवर मी! एवढी मोठी मी! त्या बाईने पिशवी घेतली रे घेतली की, "अगं अशी नाही, आण इकडे, मी दाखवते." तिने मास्क धरला, "आण इकडे, मी दाखवते." तिने नुसता हात पुढे केला हो, अजून काही धरलंही नव्हतं, तरी, "आण इकडे!" आणि त्या अकरा सेकंदांतले चार तर आमच्या ओढाओढीचे होते. सगळा हॉल हसतोय. मीही हसले. करते काय?

घरी येऊन यांना सांगितलं. म्हटलं, "अहो, मी काय तुमच्या हातातून वस्तू ओढून घेते का हो?" हे पलंगाच्या चादरीचं टोक खोचत होते. म्हणाले, "नाही गं." आणि मी म्हणाले, "अहो, असं नाही खोचायचं, आणा इकडे." ...यांनी चादरीचं टोक माझ्या हातात दिलं. तीस वर्षांचा संसार आहे.

शेवटच्या दिवशी परीक्षा. प्रत्येकीने आपल्या कॉलेजची एक मुलगी आणायची, जिला हे कौशल्य जमत नाही अशी. तिला शिकवायचं, तिने एकटीने करून दाखवायचं, आणि शिकवणारीने हात लावायचा नाही. हात लावला की प्रमाणपत्र गेलं. म्हणजे लॅब गेली! मी नेली आमची लटलट. नाव आम्हीच ठेवलेलं, कारण पिशवी हातात घेतली की पोरीचे हात लटलट कापतात. याच कौशल्यात दोनदा नापास. कोणी केलं? मीच केलं. सव्वीस वर्षं शिकवतेय, मला कळतं ना कोणाला जमणार नाही ते!

उभी राहिले. हात पाठीमागे घट्ट धरले, माझेच माझ्या हातांनी. लटलटीने मास्क बसवला, तिरका. पिशवी दाबली, फुस्स! हवा सगळी बाजूने गेली. माझा उजवा हात सुटला हो पुढे... डाव्याने मनगट धरून मागे ओढला. पुन्हा फुस्स! अहो, जिभेच्या टोकावर आलं होतं, "आण इकडे!" बाहुली आहे हे कळत होतं, पण मला ते बाळच दिसत होतं, आणि घाम मला फुटला होता. शेवटी तोंडातून काय निघालं ठाऊक आहे? त्या मेल्या सरांसारखं मऊ आवाजात, "छाती हलतेय का गं? तुला काय वाटतं?"

पोरगी थांबली. वाकून बघितलं. "नाही हलत." मग स्वतःशीच पुटपुटली, "मान..." बाळाची हनुवटी जरा वर केली, मास्क उचलला, पुन्हा नीट बसवला, दाबली पिशवी... आणि छाती वर आली! खाली. पुन्हा वर. आणि हात, तुम्हाला सांगते, हात अजिबात कापत नव्हते.

मी म्हटलं, "अगं, मग दोन वर्षं का नाही जमलं तुला हे?"

ती म्हणाली, अगदी साधेपणाने म्हणाली हो, टोमणा नव्हता, "मॅडम, पिशवी एवढा वेळ माझ्या हातात आज पहिल्यांदाच राहिली."

मी खिडकीशी गेले आणि चष्मा पुसत बसले. प्राचार्यबाईंसारखा. रडायला आलं मला, त्यात लपवायचं काय? सव्वीस वर्षांत अशा किती लटलटी केल्या असतील मी! काय-वाटतं सर शेजारी येऊन उभा राहिला. या वेळी काहीही विचारलं नाही. शहाणा मुलगा आहे तसा.

प्रमाणपत्र मिळालं. लॅब माझ्याकडेच आहे. आता मुली बाळं हाताळतात, माझ्या कापडी पिशव्यांच्या शिवणी उसवतात, मी हात मागे धरून फिरते. मजेत चाललंय. लटलट परवा पास झाली, पेढ्यांऐवजी मला मिठी मारून गेली.

फक्त घरी जरा घोटाळा झालाय. मी उत्साहात यांना म्हटलं, "आजपासून दूध तुम्ही तापवायचं, मी हात लावणार नाही." हे खूश! पहिल्याच सकाळी दूध चढायला लागलं, मी दारात उभी, हात मागे. विचारलं, "काय होतंय असं वाटतं तुम्हाला?"

हे म्हणाले, "उतू जातंय."

"मग?"

"मग काय, बघतोय ना दोघं."

गेलं उतू! सगळी शेगडी पांढरी. मी कपडा आणून यांच्या हातात दिला, म्हटलं, आता पुसा. तर हे दोन पावलं मागे सरकले, हात पाठीमागे बांधले, मान तिरकी केली आणि मऊ आवाजात म्हणाले, "ते आधी तू करून दाखव. मी बघतो."

पुसतेय तेव्हापासून. रोज.