एक डबा मुख्य, एक डबा दुय्यम

...आणि वर दुकानदार म्हणतो कसा, "साहेब, काहीच अवघड नाही! एक डबा तुमच्या गच्चीवर, एक समोरच्या गच्चीवर, हवेतून नेट पलीकडे! फक्त दोघे एकमेकांना दिसले पाहिजेत, बास!" अहो, बास काय बास? डब्यांचं सोडा, समोरच्या गच्चीचा मालक माझा सख्खा दादा, आणि तुम्हाला सांगतो, त्याचं तोंड दिसू नये म्हणून मी माझी पुढची खिडकी उघडत नाही!

भांडण कशावरून? शिडीवरून! माझी शिडी त्यानं नेली, पायरी मोडून परत आणली आणि म्हणे, "आधीच मोडकी होती!" आधीच?... जाऊ द्या. तर नेटची वायर येते माझ्याकडे, आई राहते दादाकडे, आणि बहिणीला तिकडे परदेशात मुलगी झाली. आईला नात बघायचीय. दादाच्या घरात मोबाईलला रेंज अशी, की आवाज आला तर चित्र नाही, चित्र आलं तर ते गोठलेलं. गुडघ्यांमुळे आईला जिना उतरवत नाही, आणि तो जिना मला चढवत नाही... स्वाभिमान हो! पण आईची आठवण यायची ती यायचीच. तिचा निरोप आला, "तुमचं भांडण चालू दे. बाळाचं नाक कुणावर गेलंय, तेवढं मला बघू दे." संध्याकाळी बहिणीचा फोन येणार होता.

मग काय, दुपारी दोघे भाऊ आपापल्या गच्चीवर, डबा खांबाला बांधून, एकमेकांकडे पाठ करून! दादा वहिनीला सांगणार, वहिनी आमच्या हिला फोन करणार, आणि ही खालून ओरडणार, "अहो, भाऊजी म्हणतायत, डबा जरा उजवीकडे!" मी म्हटलं, "कुणाच्या उजवीकडे?" निरोप गेला, निरोप आला, "म्हणतायत, ज्याला अक्कल आहे त्याच्या!" सांगा आता! दिसले पाहिजेत, बास म्हणे!

शेवटी डबे समोरासमोर आले, पण हिरवा दिवा लागेना. का? तर डब्याच्या पाठीला एक बटण असतं, मुख्य आणि दुय्यम. एकानं हाक मारायची, दुसऱ्यानं ओ द्यायची. दुकानदार म्हणाला होता, "कुठलाही मुख्य करा, फरक पडत नाही." त्याला काय माहीत आमचं घराणं! दादा थोरला, तो दुय्यम कसा होईल? नेट माझं, मी दुय्यम कसा होईन? दोन्ही डबे मुख्य! दोघेही हाका मारतायत, ओ कोण देणार?

ऊन उतरलं. समोरच्या खिडकीत आई मोबाईल हातात धरून, नवीन साडी नेसून बसलेली. मला बघवेना हो. म्हटलं, मरू दे ती शिडी, आणि बटण केलं दुय्यम. घेतलं पडतं! दिवा?... नाही! अहो, लागणार कसा? मी वळून बघतो तर दादा मान खाली घालून त्याच्या डब्याचं बटण दाबतोय. न राहवून ओरडलोच, "दादा, तू काय केलंस?"

"दुय्यम. तू?"

"मीपण!"

मग सुरू! "तू थोरला, तू मुख्य हो!" "नाही, नेट तुझं, तू हो!" "नाही, तू!" "नाही, तू!"... खिडकीतून आई कडाडली, "अरे, कुणीतरी एक जण व्हा रे, फोन वाजतोय!"

दादा झाला मुख्य. हिरवा दिवा! मी मोडक्या पायरीसकट शिडी उतरलो, रस्ता ओलांडला, जिना चढून आईशेजारी जाऊन बसलो. बाळाचं नाक दादावर गेलंय... बिचारी!

आता नेट इतकं झकास चालतंय, तुम्हाला सांगतो, की गच्चीवर जायला निमित्तच उरलं नाही. दादाही काही स्वतःहून हाक मारायचा नाही, थोरला ना! म्हणून सकाळी मीच हळूच डबा जरा वाकडा करून आलोय. काय करणार? दिसले पाहिजेत, बास!