ओरिजिनल कॅसेटची दुसरी बाजू

...नाही, पण मी काय म्हणतो, माणसाने विश्वास ठेवायचा तरी कोणावर? आईवर नाही ठेवायचा? वडिलांवर नाही ठेवायचा? आमच्या चंदूने ठेवला आणि पोराची वाट लागली! चंद्रप्रकाश हो, घाटकोपरला असल्फ्याच्या आमच्या चाळीतला, काशीराम फिटरचा धाकटा... आणि वाट कशापायी लागली? एका कॅसेटपायी! पण कॅसेट ओरिजिनल, बरं का!

आता तुम्ही म्हणाल, ओरिजिनलचं एवढं काय? अहो, सगळं जग कोपऱ्यावरच्या दुकानात कोऱ्या कॅसेटवर गाणी भरून घेतं, दोन महिन्यांत ती कॅसेट रडायला लागते, आणि इथे चंदूच्या कंपनीतला दोस्त फ्रेडी, त्याच्या जहाजावरच्या मामाने थेट विलायतेहून आणलेली! वर बाईचा फोटो, केस असे... पिंजारलेले. बाईचं नाव घ्यायला गेलं की आपली जीभ टाळूला चिकटते, म्हणून सगळे नुसतं 'बाई' म्हणायचे. आणि साधीसुधी कॅसेट नाही, ग्रेटेस्ट हिट्स! म्हणजे बाई जन्मभर जे गायली त्यातलं वेचून वेचून काढलेलं, एकही गाणं टाकाऊ नाही. फ्रेडी ती कोणाला हात लावू द्यायचा नाही. "पहिले हात धू!" म्हणायचा. सख्ख्या बापाला म्हणायचा!

मग ती चंदूकडे आली कशी? तर फ्रेडीच्या थोरल्या बहिणीचं लग्न, मरोळला, गावठणात, घरासमोरच मांडव. आणि चंदूकडे भावाने, गुणाजीने, मस्कतहून पाठवलेला टू-इन-वन, हा एवढा! तो स्पीकरला जोडायचा आणि नवरानवरीने बाईच्या गाण्यावर नाचायचं, असं ठरलं. फ्रेडीने छातीवर दगड ठेवून कॅसेट आधीच दिली. "चंदू, मशीनवर नीट चालते का बघ. पण हिला काय झालं ना, तर मी तुला सोडणार नाय!"

आणि चंदूला एवढा उत्साह का, विचारा ना... विचारा! मार्सेलिना! फ्रेडीची धाकटी बहीण! वर्षभर पोराचा जीव टांगलेला, आणि तोंडातून शब्द फुटेल तर शपथ. फुटणार कसा? दोस्ताची बहीण! फ्रेडीला कळलं तर दोस्ती गेली, आणि तिचे वडील व्हिक्टरकाका म्हणजे... हात असा, फावड्यासारखा! तेव्हा लग्नात झकास गाणी वाजवायची, मार्सेलिनाच्या नजरेत भरायचं, एवढाच त्याचा बेत. आणि कॅसेट ओरिजिनल, बरं का!

लग्नाच्या संध्याकाळी सगळं सुरळीत. मार्सेलिना आकाशी झग्यात. पहिली बाजू वाजतेय, लोक माना डोलावतायत, चंदू मशीनजवळ नवरदेवासारखा बसलाय... तेवढ्यात त्याची आई, शेवंताबाई, बशीतला केक सावरत आली आणि म्हणाली, "अरे झिला, ही आपल्याकडचीच कॅसेट मा? हिच्या दुसऱ्या बाजूक मी गुणाजीक बोललंय."

काय?!

आता हे तुम्हाला सांगितलं पाहिजे. शेवंताबाईंना लिहिता येत नाही. मग काय करायचं, तर कॅसेटमध्ये बोलायचं आणि मस्कतला जाणाऱ्या कोणाच्या तरी हाती द्यायची. आमच्याकडे घरोघरी हेच! गुणाजी तिकडे खोलीवर बसून आईचा आवाज ऐकणार आणि डोळे पुसणार...

"पण आये, ओरिजिनलवर रेकॉर्डिंग होतच नाय! मागची भोकं उघडी असतात!"

"तुझ्या बापाशीन कागदाचो बोळो घातल्यान."

घातलान! गिरणीत जन्म गेलेला फिटर, संप झाल्यापासून घरी बसलेला, हाताला काम नाही... एक भोक दिसलं, बुजवलं! मला सांगा, ह्याला काय म्हणायचं?

"आये, काय बोललंस त्याच्यात?"

"घरचाच रे सगळा. आणि तुझा नि त्या चेडवाचा."

चेडू म्हणजे मार्सेलिना! शेवंताबाईंना कळलं होतं! आईला कळत नाही असं कधी झालंय? आणि इकडे पहिली बाजू संपत आलेली! चंदूने काय करावं? टेप मागे घेतली, तेच गाणं पुन्हा. संपलं, पुन्हा मागे. लोक थांबून बघायला लागले. नवरी घामाघूम. व्हिक्टरकाका आले, "काय रे पोरा, बाईला दुसरं गाणं येत नाय काय?" चंदू म्हणतो, "काका, मशीन गरम झालंय, जरा..." "मशीन गरम झालंय? मग तू कशाला थरथरतोस?" आणि तेवढ्यात फ्रेडी आला, चंदूला बाजूला सारलं आणि खट्ट, उलटी करून लावली की!

आधी व्हायोलिन... मग बाईचा आवाज... एक ओळ गायली! चंदूच्या जिवात जीव आला. त्याला वाटलं, आईने भलतीच कॅसेट घेतली असणार, सुटलो! नवरानवरीने हात धरले... आणि खर्रर्र...

"गुणाजी! बरो आसंस मा? जेवतंस मा?"

अख्ख्या मरोळ गावठणात! चारी स्पीकरवर!

चंदूने बटणावर झेप घातली, तर त्याच्या मनगटावर फावडं पडलं. व्हिक्टरकाका! "थांब. बाई बोलतेय ना? बोलू दे."

आणि बाई काय थांबते! बापाचा खोकला झाला, नळाची भांडणं झाली, शेजारणीचा उद्धार झाला... शेवंताबाईंचे ग्रेटेस्ट हिट्स हो, एकही टाकाऊ नाही! आणि मग हळू आवाजात, "चंदूचा तुका सांगतंय, कोणाक सांगा नको. तो फ्रेडीच्या भयणीत गुतलो हा. चेडू गुणाचा आसा. त्यांचो देव येगळो, पण मासे आपल्यासारखेच खातत. माका पसंत आसा. पण तिच्या बापाशीक इचारूची ह्याची छाती नाय!"

पानात वाढणारे थांबले. चंदू खाली बघतोय, मनगट काकांच्या मुठीत, फ्रेडीचं तोंड उघडं. दोस्ती गेली, पोरगी गेली, आता फक्त हाड मोडायचं बाकी!

काकांनी मार्सेलिनाकडे बघितलं. "पोरी, हे खरं काय?"

ती पुढे आली. चंदूकडे बघून म्हणते कशी, "मला काय माहीत, पप्पा? मी वर्षभर थांबलेय, हा बोलेल म्हणून. ह्याची आई बोलली. आता तरी बोल रे!"

आणि चंदूने मान हलवली. तेव्हासुद्धा नुसती मान!

काका असे हसले की मांडव हलला. मनगट सोडलं आणि जाऊन शेवंताबाईंशेजारी बसले. अहो, मला रडू आलं, खोटं कशाला बोलू! पण रडत कोण होता खरा? फ्रेडी! कॅसेट छातीशी धरून, "पप्पा, माझी बाई गेली! ओरिजिनल होती! बहीण पाहिजे ना ह्याला? पहिले मला कॅसेट आणून दे म्हणावं, मग साखरपुडा!" आणि काका म्हणाले, "बरोबर बोलतो पोरगा."

आता आणायची कुठून? अख्ख्या मुंबईत मिळेना. शेवटी खराब झालेलीच कॅसेट मस्कतला धाडली, सोबत निरोप की हीच नवी घेऊन पाठव, लग्न अडलंय. गुणाजीने दुकानं पालथी घातली, आणि आली की हो! तोच फोटो, तेच केस! फ्रेडीने हात धुतले. सगळे जमले. मशीनला लावली...

"आये, तुझो निरोप पावलो. चंदूक म्हणा, बेस केलंस! दुसरी कॅसेट घेऊन पैसे कित्याक घालवचे, म्हणान हिच्यातच बोलतंय..."

बापाचाच मुलगा! त्यानेही बोळा घातलेला!

फ्रेडी खालीच बसला. चंदूने घाईघाईने बाजू उलटली, निदान अर्धी बाई तरी शिल्लक असेल म्हणून. तिकडे गुणाजीच्या खोलीतला सीताराम आपल्या आईशी बोलत होता. कणकवलीच्या.

साखरपुड्याचं नंतर बघू. तो निरोप ऐकवायला चंदू आज रात्रीच्या एसटीने कणकवलीला निघालाय... म्हातारीकडे टेप नाही, तेव्हा मशीनसुद्धा डोक्यावर घेऊन.