अठरा सहाशे पन्नास

धर्माजी : अवो रतनशेठ, मी बॅटरी मागितली आन् तुम्ही शेल काय काढून देताव?

रतनशेठ : आता सेललाच सगळे बॅटरी म्हणतात, धर्माजीभाई. तुम्हाला टॉर्च पाहिजे का?

धर्माजी : टॉर्च-बिर्च काय न्हाय, बॅटरी! बटन दाबलं की उजेड पडतो ती! आमची पूनम वीज कंपनीत लागली! विद्युत सहाय्यक! खांबावर चढणारी आमच्या वाडीतली पयली पोर हाय, पयली!

रतनशेठ : अरे वाह! पूनम, अभिनंदन बेटा! कुठं लागली?

पूनम : रोह्याला, रतनकाका. आज पाचच्या आत ऑफिसात हजर व्हायचंय, शेवटची तारीख आहे. आणि दीडची एसटी चुकली तर मी पाचच्या आत पोचत नाही. बाबा, एक वाजलाय.

धर्माजी : एसटी काय पळून जात्ये का? आईनं तुझ्या आठ दिस डोकं खाल्लंय, पोरीच्या जातीनं खांबावर कशाला म्हनून. मी म्हटलं, अगं, निदान हातात चांगली बॅटरी तरी पायजे! सगळ्यात मोठी काढा, शेठ. तीन जाड शेलांची, पत्र्याची. बांधाच्या ह्या टोकाला उभं राहिलं की त्या टोकाची म्हैस दिसली पायजे!

पूनम : मला म्हैस शोधायची नाहीये हो! वर दोन्ही हात कामात असतात. ही काय दातात धरू?

धर्माजी : मंग दातात मावंल अशी दाखवा!

रतनशेठ : ही जुओ, बघा. किल्लीला अडकवायची, बटन सेलवाली. एवढीशी, पण प्रकाश बघा!

पूनम : आणि सेल बदलताना एक खाली चिखलात पडला तर? शोधूनही सापडायचा नाही. शिवाय वाडीवरच्या दुकानात हा मिळतो का?

रतनशेठ : अरे, इथं बोर्लीत मलाच कधी मिळतो, कधी नाही.

धर्माजी : राहू दे, राहू दे. ती वरच्या फळीवरची दाखवा. चार्जिंगची!

रतनशेठ : ही एक नंबर. बॅटरी आत बसवलेलीच. वायर लावली की झालं, सेल बदलायची कटकट नाही.

पूनम : काका, मला टॉर्च कधी लागणार? लाईट गेली की. मग ही चार्ज कशावर करू?

धर्माजी : ऐकलंत? ऐकलंत का शेठ? हिला म्हनतात डोकं!

रतनशेठ : बरोबर पकडलं पोरीनं. चक्रीवादळानंतर महिनाभर लाईट नव्हती ना, तेव्हा मी विकलेल्या चार्जिंगच्या सगळ्या टॉर्च चौथ्या दिवशी मेल्या. लोक माझ्याच तोंडासमोर आणून नाचवायचे! दुकानात खपल्या त्या मेणबत्त्या आणि पेन्सिल सेल.

पूनम : मी आठवीत होते तेव्हा. खांब उभे करायला आलेल्या वायरमनांच्या मागे दिवसभर कळशी घेऊन फिरायचे. आठवतंय ना, बाबा?

धर्माजी : आठवतंय. सगळं आठवतंय... दुसरी दाखवा, शेठ.

रतनशेठ : मग ही बघा, खास माल! हिचा सेलपण चार्जिंगचाच, पण बाहेर निघतो. एक आत, एक भरलेला खिशात. अठरा सहाशे पन्नास.

धर्माजी : किती?

रतनशेठ : अठरा सहाशे पन्नास.

धर्माजी : अठरा हजार सहाशे... बांधा.

पूनम : बाबा!

धर्माजी : तू गप. म्हैस इकतो. बांधा म्हटलं ना, शेठ!

रतनशेठ : अहो थांबा, थांबा! किंमत नाही ती! सेलचा नंबर आहे. अठरा मिलिमीटर जाड, पासष्ट मिलिमीटर लांब!

धर्माजी : आयला! मंग तसं बोला की, मरदा! माझी म्हैस दाव्यातून सुटली व्हती!

पूनम : अरे देवा, हसून हसून पोटात दुखायला लागलं! काका, उजेड झकास आहे हिचा, खोटं नाही बोलणार. पण ह्यातल्या काही संपायच्या आधी मंदबिंद होत नाहीत, एकदम खट्‌कन बंद. वर असताना तसं नको. आणि हा सेलपण गावात मिळायचा नाही. मला ती डोक्याला पट्टा असलेली द्या, पेन्सिल सेलची. हेल्मेटवर बसते. पेन्सिल सेल पानाच्या टपरीवरही मिळतो. रोज चार्जिंगचे पेन्सिल सेल घालीन, साधे खिशात ठेवीन.

रतनशेठ : चोक्कस! फक्त साधे सेल आत घालून विसरू नको हां. आपली हवा खारी. पाणी सुटतं त्यांना आणि आतल्या पट्ट्या खाऊन टाकतात.

पूनम : काम झालं की काढून ठेवीन. बाबा, एक दहा झाले. चला.

धर्माजी : ही? खेळण्यातली वाटते. शेठ, ती निळी काढा बरं.

पूनम : निळी कशाला? पसंत केली ना मी?

धर्माजी : आन् तिच्या मागची पण. हातात घेऊन बघू तरी. रोज रोज घेतो काय आपन?

पूनम : बाबा, आईनं तुम्हाला माझ्या मागं कशाला पाठवलं?

धर्माजी : सोडायला.

पूनम : माझ्याकडे बघून सांगा.

धर्माजी : शेठ, दिवसाउजेडी बॅटरी काय कळनार? शटर खाली घ्या बरं जरा.

रतनशेठ : भर दुपारी? गिऱ्हाईक म्हणेल, रतन मेला की काय!

धर्माजी : दोन मिन्टं. घ्या खाली.

(शटर खाली येते. दुकानात काळोख.)

धर्माजी : लाव बघू.

पूनम : ही बघा! दोन्ही हात मोकळे! मान वळवली की उजेड वळतो. थांबा, स्टुलावर चढते. अहो रतनकाका, तुमच्या पंख्याच्या वायरचा जोड उघडा पडलाय! टेप सुटलीय सगळी. पंखा लावू नका, आधी हे करून घ्या!

रतनशेठ : बापरे! दोन वर्षं त्याच्याखाली बसतोय मी.

पूनम : बाबा, आता तरी सांगा.

धर्माजी : डोळ्यावर उजेड नको मारूस, बाय... तुझ्या आईनं तुला परत आनायला धाडलंय. आन् मी हो बोललो. स्टँडवर तुझं तोंड बघितलं, तर बोलायचं जमंना. म्हटलं, बॅटऱ्या बघता बघता एसटी जाईल निघून.

पूनम : मला कळलं होतं. निळी मागितलीत तेव्हाच.

धर्माजी : मला भ्या वाटतं गं. वादळाच्या टायमाला तू त्यांना पानी द्यायचीस, मी शिडी धरायचो. तू घरी गेलेलीस तवा त्यातला एक माझ्या म्होरं वरनं पडला. सदा. मीच उचलून टेम्पोत घातला. वाचला, पन परत खांबावर न्हाय चढला. तुला सांगितलं न्हाय कधी.

पूनम : मला माहितीये, बाबा. आयटीआयचा फॉर्म मला सदादादांनीच आणून दिला.

धर्माजी : सदानं?

पूनम : हो. म्हणाले, मी घाईत कमरेचा पट्टा लावला नव्हता. तू पट्टा लावल्याशिवाय एक पाऊल वर टाकायचं नाही. भीती मलाही वाटते. वाटते म्हणून तर पट्टा दोनदा ओढून बघते.

धर्माजी : दोनदा?

पूनम : दोनदा.

धर्माजी : तीनदा वढ.

पूनम : तीनदा ओढीन.

धर्माजी : शेठ, शटर उघडा! अवो बघताय काय, उघडा! आन् पेन्सिल शेल घाला जास्तीचे, मूठभर घाला! पूनम, ती बॅग दे हिकडं, मी घेतो. तू पळ म्होरं, गाडी धरून ठेव!

रतनशेठ : एक बावीस! गल्लीतून जा, लगेच स्टँड! हिशोब मागाहून!

पूनम : येते काका! बाबा, पण घरी आईला काय सांगाल?

धर्माजी : सांगन, मी पोचलो तवर एसटी निघाली व्हती.