"माझ्या हातून जमणार नाही"

डॉक्टरीणबाई, आणि जमलेल्या सगळ्या मंडळींनो, मी बोलायला उभी राहिले. आपल्या हिंगोलीकडच्या गोरेगावच्या शाळेत शिकवते. रोज बोलते. आज एक राहून गेलेलं बोलायचं हाये.

आपले जबड्याचे डॉक्टर गेले. इथल्या किती जणांचे मोडलेले जबडे त्यांनी जोडले! माझं काही मोडलं नव्हतं. माझी हनुवटी तेवढी आत गेलेली आहे, दिसतेच तुमाला. हिंगोली जिल्हा झाला त्या साली, म्हणजे नव्व्याण्णवला, मला पाहायला पाहुणे आले. पोहे खाल्ले आणि निरोप धाडला, "पोरगी चांगली हाये. हनुवटी नीट करून घ्या, मग बोलू."

दादा, म्हणजे माझे वडील, मला जीपनं डॉक्टरांकडे घेऊन आले. डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. ओठाच्या आतून चीर देऊन सिलिकॉनचा तुकडा बसवता येतो, पण तो सरकू शकतो, पू होऊ शकतो. न्हाई तर हनुवटीचंच हाड कापून पुढे घ्यायचं आणि स्क्रूनं पक्कं करायचं. त्यात ओठ बधिर राहण्याची भीती. दादा म्हणाले, "कोणतंबी करा, पंधरा दिवसांत पोरगी दाखवायची हाये."

"सूजच महिनाभर राहील," डॉक्टर म्हणाले. मग माझ्याकडे वळले. मी खाली पाहिलं. वडिलांसमोर आमच्या घरात पोरी बोलत नव्हत्या. त्यांनी दादांना बाहेर बसवलं.

"लेकरा, तुला पाहिजे का हे?"

"न्हाई."

"पक्कं?"

"व्हय. पण मी न्हाई म्हणाले, हे दादांना सांगू नका."

बाहेर येऊन ते म्हणाले, "माझ्या हातून जमणार नाही."

एवढंच म्हणाले. माझ्यावर ढकलणं किती सोपं होतं! दादांनी गावभर सांगितलं, या डॉक्टरला काही येत न्हाई. आमच्याकडचे लोक पेशंट घेऊन थेट नांदेडला जाऊ लागले. डॉक्टर बोलले का? न्हाई. मी बोलले का? मीबी न्हाई. पुढं याच हनुवटीसकट माझं लग्न झालं, संसार झाला, तरी बोलले न्हाई. लाज वाटते मला.

दादा, तुमी तिसऱ्या रांगेत बसलायत. डॉक्टरांना सगळं येत होतं. नकार माझा होता.

मंडळी, त्यांच्यासाठी दोन मिनिटं शांत उभं राहू या. दादा, आधी तुमी उठा.