पीएचडीची दुसरी मुलाखत

गाव आमचं रहिमतपूरजवळ. घरटी एक मानूस फौजेत, तसा मीबी गेलो, हवालदार हून आलो. नोकरीत असतानाच बाहेरून शिकलो, एमबीए केलं, मग सांगलीच्या एका कारखान्यात सिक्युरिटीचं बघाया लागलो. तिथं एक गोष्ट डोक्यात बसली ती बसलीच. आमची रिटायर फौजी मानसं कष्टाला कमी न्हाईत, पन मॅनेजर वाकडं बोलला तर वाद घालनार न्हाईत, तक्रार करनार न्हाईत, दुसऱ्या दिवशी गुमान कामावर येनारच न्हाईत. माझा चुलतभाऊबी फौजीच, तसाच कारखाना सोडून गेला. हे आसं का, त्याच्यावरच मला पीएचडी करायची हुती, दुसऱ्या कशावर न्हाई.

पीएचडीची प्रवेश परीक्षा पास झालो, विद्यापीठात मुलाखतीला गेलो. समोर मधी बसलेले सर म्हनले विषय फार बारका आहे, बदलाल का. काय सांगू तुमाला, मी ताडकन उभाच राह्यलो, म्हनलं जी सर. मग कुठला घ्याल. म्हनलं, तुमी सांगाल तो. सरांनी बाजूच्या मॅडमकडं बघितलं, म्हनले बरं, या तुम्ही. झालं, आटपलं.

पोरगी माझी कॉलेजात शिकवती. तिनं कपाळाला हात लावला, म्हनली आवं आबा, तुमी विषयासाठी भांडताय का हे ते बघत हुते. आता साहेबाशी भांडायचं आसतं हे मला कोन सांगनार? मग वर्षभर तीच घरात साहेब झाली. जेवताना मधीच म्हनायची विषय टाकाऊ हाय, आन मी घास गिळून म्हनायचो व्हय. बायको हसून हसून लोळायची.

अवंदा परत गेलो. तेच सर, तोच सवाल. पाय आपसूक उठाया लागलं, मी खुर्ची गच्च धरली. म्हनलं न्हाई सर, बदलनार न्हाई. का? म्हनलं माझा भाऊ का गेला ते मला कळाया पायजे. मग लय वेळ वाद झाला. खरं सांगतो, बॉर्डरवर भ्यालो नसंल एवढा भ्यालो हुतो.

घरी सांगितलं तर बायकोचं तोंडच उतरलं, म्हनली मग संपलं की. पुढच्या आठवड्यात निवड झाल्याचा फोन आला, तवा तिनं इचारलं, न्हाई म्हनलं तरी ठेवून घेत्यात व्हय? म्हनलं, घेत्यात की.

चुलतभाऊ तिथंच च्या पीत बसला हुता. त्यानं कप खाली ठिवला आन माझ्याकडं बघितलं.

आता काम सुरू झालंय. पयल्यांदा त्यालाच इचारायचं हाय. बघू, बोलला तर.